नदीपलीकडच्या म्हातारीचा चार्ज

सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ड्युटी कधी संपते? घड्याळात दोन वाजले की संपते असं सांगणारी एक तर नवी असेल, नाहीतर खोटं बोलत असेल. ड्युटी रिलीव्हर आल्यावर संपते. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर. ती आली, तिला एकेका पलंगापाशी नेलं, कोणाला काय झालंय, कोणाचं सलाईन कधी संपेल, कोण रात्रभर कण्हत होतं, हे सगळं तोंडानं सांगितलं आणि तिनं ‘घेतला’ म्हटलं, की चार्ज गेला. तोवर घरी लग्न असो की मयत, वॉर्ड सोडायचा नाही. मी अकोल्याच्या दवाखान्यात अख्खी नोकरी काढली आणि एकदाही वॉर्ड उघडा टाकून निघाले नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझी मुलगी हे बघतच मोठी झाली. शाळा सुटली की ती दवाखान्यात यायची आणि ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसायची. "आई, चाल ना व घरी," म्हणायची. मी म्हणायची, "रिलीव्हर येऊ दे." पुढे पुढे तिनं विचारणंच सोडून दिलं. उलट एखादी सिस्टर उशिरा आली की हीच तिला दारात गाठून सांगायची, "माही आई थांबून राहिली तुमच्यासाठी." तिनं नर्सिंगच करावं असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण केलं, आणि माझ्यापेक्षा हात चांगला निघाला.

निवृत्तीनंतर आम्ही अमरावतीला राहायला आलो. मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. ते कमी बोलतात, घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे. मुलगी इथंच एका खाजगी दवाखान्यात राबत होती. इस्राएलला म्हाताऱ्या माणसांची घरी राहून सेवा करायला नर्सा पाहिजेत असं तिला कळलं, तिनं परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि एक दिवस भाजी निवडता निवडता मला सांगितलं की जागा मिळाली. मी रागानं मेथीची जुडी तशीच परातीत टाकली. "तठी बॉम्ब पडतात," मी म्हटलं. "मंग तठी नर्सा पायजेतच ना," ती म्हणाली. मी जुडी परत निवडायला घेतली. गेली.

तिला मिळालेलं घर त्या देशाच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात होतं. खिडकीतून डोंगर दिसतात, डोंगरापलीकडे नदी आहे आणि नदीपलीकडे जॉर्डन, राजाचा देश. घरात एक म्हातारी. ज्यू, पण जन्म बगदादचा. लहानपणी आईबापाबरोबर सगळं सोडून इस्राएलला आलेली. तिला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर एक अजब गोष्ट झाली. उभा जन्म जी हिब्रू ती बोलली ती भाषाही गेली. उरली ती बगदादच्या गल्लीत शिकलेली अरबी. लकव्यात असं होतं, मी वॉर्डात पाहिलंय. पण तिचा मुलगा, दूरच्या शहरातून अधूनमधून येणारा, तिथंच जन्मलेला, त्याला आईची अरबी येत नव्हती. माऊली आपल्याच लेकाला पाणी मागायची आणि लेक उशी सरळ करायचा.

तिची भाषा समजणारी एकच बाई होती. ती पॅलेस्टिनी. इस्राएलनं मधे बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे, वेस्ट बँकेतल्या एका गावात राहायची आणि रोज सकाळी परवाना दाखवून, तपासणीच्या नाक्यावर रांग लावून कामाला यायची. झाडू-पोछा, म्हातारीची अंघोळ, स्वयंपाक. माझ्या मुलीला तिथलं सगळं शिकवलं ते तिनं. पाणी, दुखतंय, पुरे, थंडी वाजते, असे म्हातारीच्या कामाचे शब्द तिनं पोरीकडून घोटून घेतले. पोरीनं तिला बदल्यात ‘ताई’ म्हणायला सुरुवात केली, म्हणून मीही तिला ताईच म्हणते, ती माझ्याहून लहान असली तरी.

मग गाझाचं युद्ध पेटलं आणि ताईचा परवाना बंद झाला. ताईचाच नाही, तिकडच्या सगळ्यांचाच. सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणे. ज्यांची माणसं मारली, पळवून नेली, त्यांना दार बंद करावंसं वाटलं हे मला समजतं. गाझातली लेकरं दिसली की मी टीव्ही बंद करायची, हेही मी लपवत नाही. पण त्या दाराच्या एका बाजूला म्हातारी होती आणि दुसऱ्या बाजूला तिची जीभ. रस्ता गाडीनं अर्ध्या तासाचा. म्हातारी रोज सकाळी दाराकडे बघून ताईचं नाव घ्यायची, आणि माझी पोरगी आपल्या मूठभर शब्दांवर ते घर चालवू लागली. अडलं की ताईला फोन लावायची. ताई तिकडून म्हातारीशी बोलायची, मग पोरीला मोडक्या इंग्रजीत सांगायची.

असं चालू असताना आकाश बंद झालं.

इस्राएल आणि इराण एकमेकांवर थेट मारा करू लागले. विमानं थांबली. आमच्या अमरावतीत टीव्हीवर रोज संध्याकाळी चौघं जण ओरडायचे आणि त्यानंतर आमच्या गल्लीत तेच चौघं जण निघायचे. समोरचे गुरुजी इस्राएलच्या बाजूचे, कोपऱ्यावरचा टायरवाला पॅलेस्टाईनच्या. दोघंही मला गाठून विचारायचे, "सिस्टर, तुमी कोनाच्या बाजूच्या?" एकदा मी भडकले. म्हटलं, "मी पुलाच्या बाजूची. माह्या पोट्टीले बाहेर काढणारा जो कोनता पूल असन, त्याच्या." गुरुजी हसले. मला हसू आलं नाही.

पूल मी नकाशात शोधून ठेवला होता. त्या दिवसांत मी त्या राजाच्या देशाचा जेवढा अभ्यास केला तेवढा नर्सिंगच्या परीक्षेचाही केला नसेल. त्या देशाचा इस्राएलशी तह आहे, जुना. तिथली कितीतरी माणसं मुळात पॅलेस्टिनी आहेत, युद्धात घरदार गमावून आलेल्यांची लेकरं-नातवंडं. म्हणजे राजानं तह पाळला तर घरातली माणसं नाराज, मोडला तर शेजारी दारात. वरून त्याच्या आकाशातून दोन्हीकडची अस्त्रं जाणार, ती आपल्या गावांवर पडू नयेत म्हणून तो पाडणार, आणि पाडली की लोक म्हणणार, तू त्यांच्या बाजूचा. भांडणाऱ्या दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर, बांधावर, ज्याचं घर आहे त्याची जशी गत होते, तशी त्याची गत. पण एवढ्या सगळ्यात त्यानं नदीवरचा पूल चालू ठेवला होता. लोक टीव्हीवर त्याला काय वाट्टेल ते म्हणोत, मी मनातल्या मनात त्याला रोज रामराम घालत होते.

आणि निरोप आला. आपल्या वकिलातीनं दोन्ही सरकारांशी बोलून भारतीयांच्या बसेस ठरवल्या. बसनं पुलापर्यंत, पूल ओलांडून जॉर्डन, तिथून अम्मान, अम्मानहून विमानानं दिल्ली. मुलीचं नाव लागलं. बस दुसऱ्या दिवशी सकाळची.

हे मला कळलं तेव्हा मी एसटीत होते. अकोल्याला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं आणि मिस्टर म्हणाले होते, जा, इथं टीव्हीसमोर बसून तू स्वतःचा जीव घेशील. बडनेरा मागे पडलं आणि पोरीचा फोन आला.

"आई, बसमध्ये नाव आलं. पन मी नाई येत."

"काय म्हनली?"

"मी गेली तर तिले कोन पाहीन? तिचा पोरगा येऊन राहिला, पन त्याले काय येते? त्याले पाणी पाजता येत नाई. ठसका लागला तर सरली ते."

मी जे काही बोलले ते अख्ख्या एसटीनं ऐकलं. तुझा बाप इथं जेवत नाही, म्हटलं. तुला नऊ महिने पोटात वागवलं ते परक्या म्हातारीसाठी मरायला नाही, म्हटलं. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून कमरेवर हात ठेवून बसली. कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला.

पोरगी शांतपणे म्हणाली, "आई, रिलीव्हर नाई आली."

मी फोन बंद केला. माझंच वाक्य. बाकड्यावर दप्तर घेऊन बसलेल्या पोरीला हजार वेळा ऐकवलेलं. मला त्या क्षणी तिचा जेवढा राग आला तेवढाच अभिमान वाटला.

पुढची बाई म्हणाली, "काय झालं व बाई?" मी सांगितलं. लपवायचं काय, सगळ्यांनी ऐकलंच होतं. मग प्रत्येकानं सल्ला दिला, कारण वऱ्हाडात सल्ला न मागता मिळतो. एक जण म्हणाला, पोलिसात द्या. एक म्हणाला, तिले खोटं सांगा बाप सिरियस आहे. त्या बाईनं मात्र विचारलं, "मंग तिले कोनी बदलीवर नाई भेटत काय?" मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्याच प्रश्नावर बसून राहिले. बदलीवर कोण? ताई, तर तिला नाका बंद. दुसरी नर्स, तर आकाश बंद. मुलगा, तर त्याला काम येत नाही. वॉर्डात असं कधी कधी व्हायचं. रिलीव्हर यायची ती अगदी नवी पोरगी असायची, इंजेक्शन भरतानाही दोनदा विचारणारी. तेव्हा आम्ही काय करायचो? तिला पाळीवर घ्यायचो, पण चार्ज आपल्याकडे ठेवायचो. हात तिचे, जबाबदारी आपली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली आणि माझं ठरलं.

अकोल्याला पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी फोन लावला. "ऐक," मी म्हटलं, "तुही रिलीव्हर मी."

"आई, काय बोलून राहिली तू?"

"बरोबर बोलून राहिली. तिच्या पोराचे हात, ताईची जीभ आन माहे डोये. उद्या सकाळी तू मले चार्ज देशीन. नीट देशीन, अर्धवट घेणार नाई मी. घेतला म्हटल्यावर तू बसमध्ये बसायचं. पटते का नाई, सांग."

तिनं तिकडे खोलीचं दार लोटलं. मग म्हणाली, "तू जमवशीन?"

"वॉर्डात तीस तीस पेशंट पाह्यले मी. ही एक बाई."

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या मागच्या खोलीत मी ज्वारीच्या डब्याला फोन टेकवून बसले. नेमका तो अकोल्यात नळाचा दिवस. तिथं पाणी रोज येत नाही, आलं की घरातलं माणूस न माणूस पिंपांमागे धावतं. बाहेर बादल्यांची आदळआपट, बारशाला आलेल्या बायकांचा कालवा, आणि आत माझ्यासमोर तीन चौकटी. एकीत माझी पोरगी आणि म्हातारीचा पलंग. दुसरीत ताई, डोक्याला रुमाल, मागे चुन्याची भिंत आणि तिच्यावर कोणाचा तरी जुना फोटो. तिसरीत मी स्वतः, बारशाच्या साडीत.

म्हातारीचा मुलगा पलंगापाशी उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल, डोळे तारवटलेले. रात्रभर गाडी चालवून, वाटेत भोंगे वाजले की रस्त्याकडेला पालथा पडून तो आला होता. माणूस चांगला होता. त्यानं पोरीला एकदाही थांब म्हटलं नाही. नुसता हात पुढे करून विचारलं, काय करू.

चार्ज सुरू झाला. पोरीनं सगळं सांगितलं, मी आडवे प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. पाठ कुठं लाल झालीय, कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, उजवा हात अंगाखाली अडकू द्यायचा नाही. मग पाणी. साधं पाणी नाही, घट्ट करायची पावडर घातलेलं. पाठ सरळ, हनुवटी खाली, चमचा डाव्या गालात. घोट उतरला का ते गळ्याला बोट लावून बघायचं, मगच पुढचा. मी माझ्या वॉर्डातल्या इंग्रजीत मुलाला म्हटलं, यू डू, आय सी. त्यानं चमचा घाईनं लावला. पहिला चमचा ओठातून बाहेर आला. म्हातारीनं तोंड फिरवलं. बाहेरून बहीण ओरडली, "अवं, नळ चालला, पिंप कोनी भरून घेतलं का?" मी ओरडले, "गप बसा!" आणि तिकडे तो बिचारा चमचा हातात घेऊन गप उभा राहिला.

ताई तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हातारीशी, अरबीत, हळू. काय बोलली मला माहीत नाही. म्हातारीचा चेहरा फोनकडे वळला. तिनं डावा हात उचलून ताईच्या चौकटीवर ठेवला, सगळी काच झाकली. ताई बोलत राहिली. मुलानं चमचा पुन्हा लावला, म्हातारीनं घोट घेतला, त्यानं गळ्याला बोट लावलं. उतरला. तो माझ्याकडे बघून रडायला लागला. मी म्हटलं, "नेक्स्ट स्पून." रडायला वेळ नव्हता, बस गावात येऊन उभी होती.

इतक्यात भोंगा वाजला. फोनमधून तो आवाज ऐकणं म्हणजे काय हे ज्यानं ऐकलं त्यालाच कळेल. त्यांच्या घरात एक भक्कम भिंतींची खोली असते. मुलानं आईला उचललं, पोरीनं उजवा हात सावरला आणि फोन पलंगावर राहिला. मला छत दिसत होतं. ताईला पण छतच दिसत असणार. दोघी परक्या बाया, एका छताकडे बघत बसलो. ताई म्हणाली, "सिस्टर." मी म्हटलं, "हो, मी आहे." एवढंच तिला आणि मला सुचलं. देवाधर्माचं मी फार करत नाही, पण त्या वेळी पदराचा बोळा करून दातांत धरला हे खरं.

ते परत आले. पोरीचे केस विस्कटले होते. तिनं फोन उचलला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "आई, घेतला?"

"घेतला," मी म्हटलं.

तिनं म्हातारीच्या कपाळाला ओठ लावले, पिशवी खांद्याला अडकवली आणि चौकटीतून बाहेर गेली. मला दार लागल्याचा आवाज आला. मी मुलाला म्हटलं, नाऊ टर्न लेफ्ट साइड.

पुलाची हकिगत तिनं घरी आल्यावर सांगितली. अलीकडे इस्राएलच्या खिडक्या, पासपोर्टवर प्रश्न, पिशव्यांची झडती. मग दुसऱ्या बसनं नदीवरून. नदी म्हणजे केवढी, आमच्या पूर्णेला उन्हाळ्यात असतं तेवढं पाणी, ती म्हणाली. पलीकडे जॉर्डनचे शिपाई. त्यांनी पण तेच प्रश्न विचारले, त्याच पिशव्या उघडल्या. एका बाजूचा अधिकारी यादी देत होता, दुसऱ्या बाजूचा माणसं मोजून घेत होता, आणि दोघं एकमेकांशी एक शब्द जास्तीचा बोलत नव्हते. पण काम चोख होतं. "चार्ज देऊन राहिले होते, आई," ती म्हणाली. एक म्हातारा शिपाई मात्र तिला पाणी देऊन म्हणाला, वेलकम. हे तिनं तीनदा सांगितलं.

अम्मानच्या हॉटेलात एक बाई तिला शोधत आली. ताईची सख्खी बहीण, लग्न करून तिकडे दिलेली. ताईनं तिला कळवलं होतं, माझी पोर येतेय, तिला जेवू घाल. भाताचं पातेलं फडक्यात बांधून आणलं होतं तिनं. वेस्ट बँकेतून जॉर्डनला जायचा पूल वेगळा, तो केव्हा उघडतो केव्हा बंद होतो याचा भरवसा नाही, आणि बहिणी-बहिणींची भेट कितीतरी दिवसांत नव्हती. माझी पोरगी ताईजवळून आलेली. त्या बाईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. "आई, थे मले नाई पाहत होती," पोरगी म्हणाली. "आपल्या बहिणीले पाहत होती."

पोरगी दिल्लीहून आली, बडनेरा स्टेशनवर तिच्या बापानं तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि घरी येऊन ती नुसती झोपली. उठायची, ज्वारीची भाकर आणि ठेचा खायची, पुन्हा झोपायची. पुलाचं सांगितलं तेही मधेच, आपणहून. मला विचारायला वेळही नव्हता. मी ड्युटीवर होते.

कारण चार्ज मी घेतला होता. सकाळी आमच्या चहाच्या वेळेला आणि संध्याकाळी दिवेलागणीला मी फोन लावायची. मुलगा कॅमेरा पाठीवर धरायचा, मी कातडी बघायची. एकदा कमरेखाली फोड येताना दिसला आणि मी त्याला असं झापलं की मिस्टर स्वयंपाकघरातून बाहेर आले. तो शिकत होता. नोकरीवर रजा टाकून आईची घाण काढत होता. अरबीचे शब्द आता तोही ताईकडून घेत होता, पन्नाशी ओलांडलेला माणूस, आईची भाषा पहिल्यांदा. एकदा म्हातारीनं काही म्हटलं आणि ताईनं सांगायच्या आधी त्यानं पांघरूण ओढलं. ताई तिकडे हसली. मी तिला त्याआधी हसताना बघितलंच नव्हतं.

ताईचा परवाना मात्र येत नव्हता. रोज शेवटी मी विचारायची, "पेपर?" ती मान हलवायची. गुरुजी आणि टायरवाला आता दुसऱ्या कशावर तरी भांडत होते. मला वाटायचं, या मोठ्या लोकांनी टेबलाभोवती बसून तह करावेत, नकाशे काढावेत, त्यांचं ते काम आहे आणि ते झालंच पाहिजे. पण ज्या तहानंतर ताई सकाळी त्या दारातून आत येणार नाही, तो तह मी मानणार नाही. माझ्या मानण्याला कोण विचारतो हा वेगळा प्रश्न.

पुढे मारा थांबला. आकाश उघडलं, विमानं सुरू झाली. मनात धरून बसले होते की पोरगी आता इथंच नोकरी बघेल. तिकडे मुलाची रजा संपत आली होती, तो ओढलेला दिसायचा. त्यानं नवी बाई ठेवली होती, म्हातारीनं तिच्या हातचा एक घोट घेतला नाही. हे सगळं मला दिसत होतं आणि मी पोरीला सांगत नव्हते. चार्ज माझ्याकडे होता, सांगायचं काही कारण नव्हतं.

एका संध्याकाळी मी फोन डब्याला टेकवून बसले. तिकडे मुलगा आईला कुशीवर करत होता. पोरगी आंघोळ करून आली, केस ओले, वेणी घट्ट घातलेली. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी वर बघितलं नाही. तिच्या उभं राहण्यावरूनच मी ओळखलं. नोकरीभर रोज मी त्या उभं राहण्याची वाट बघितली होती.

"आई," ती म्हणाली, "रिलीव्हर आली."

मिस्टर दारात होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मला कळत होतं, मी आत्ता तोंड उघडलं की ती जाणार. त्याच आकाशातून, त्याच भोंग्यांच्या गावात. मी फोन बंद करू शकत होते. तिला म्हणू शकत होते, मी अजून थकले नाही, तू झोप. मला माझ्या पोरीला त्या खोलीत कोंडून वर कुलूप घालावंसं वाटत होतं. खरंच वाटत होतं.

पण रिलीव्हर समोर उभी असताना चार्ज द्यायचा नाही, असं मी कधी केलेलं नाही.

"बस," मी म्हटलं. सरकून तिला जागा दिली. "कमरेखाली डाव्या बाजूला फोड होता, तो वाळला, पण तिथं दाब येऊ द्यायचा नाही. पाणी आता आठ चमचे घेते. नवव्याला तोंड फिरवते, जबरदस्ती करायची नाही. पोराला थंडीचा शब्द येतो, दुखण्याचा अजून येत नाही, तो शिकव. सकाळी दाराकडे बघते. ताईचा पेपर आला का ते रोज विचारायचं, विसरायचं नाही."

ती एकेकाला मान डोलवत होती. मी सगळं सांगितलं, आणि काही सुटू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"घेतला," ती म्हणाली.